माणूस निवडताना गेज कुठं ठेवतो आपण?

गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या मालकांनी मला मुलाखतींना बसायला बोलावलं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत त्यांचं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करून ते पुढं पाठवतात. क्वालिटी इन्स्पेक्टर हवा होता आणि तिघं आले होते.

पहिल्यानं आडनाव सांगितलं तसं मालकांनी विचारलं, "गाव कुठलं?" गाव राधानगरी तालुक्यातलं निघालं, मालकांच्या आत्याच्या गावाला लागूनच. मग ऊस निघाला, दूध निघालं, त्या पोराचे चुलते निघाले. दहा मिनिटं गेली, चहा आला. टेबलावर व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, पडलेलं होतं, त्याला कुणी हात लावला नाही.

दुसरी वडगावहून आलेली, डिप्लोमा झालेली. तिला विचारलं गेलं, "लग्न झालंय? मिस्टर काय करतात? सेकंड शिफ्ट जमंल का?" तिसऱ्यानं आडनाव सांगितलं आणि खोलीत क्षणभर कुणी काही बोललं नाही. गाव कुणी विचारलं नाही. व्हर्नियर मात्र लगेच त्याच्या हातात गेलं. "हं, घे रीडिंग." त्यानं बरोबर घेतलं. "बरं, कळवतो."

नोकरी पहिल्याला लागली. तो वाईट होता असं मी म्हणत नाही. तो कसा होता हे आम्ही मोजलंच नाही, एवढंच म्हणतोय. आणि मालकांकडं बोट दाखवायला मला तोंड नाही, कारण लग्नाचा प्रश्न मी विचारला होता. कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसानं.

हा विषय आत्ता निघायचं कारण म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. तेव्हापासून उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आता बाईला नाही म्हणता येणार नाही म्हणे', 'आता रात्रपाळीलाबी घ्यायला लागणार' असल्या फॉरवर्डना ऊत आला आहे. त्यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे. म्हणून जरा मुळापासून बघू.

पूर्वग्रह आणि भेदभाव: हायवेवरची एमएच १२

पुण्याकडं जाताना किणी टोलनाक्याच्या पुढं समोर एमएच १२ नंबरची गाडी दिसली की आपल्या गाडीत कुणीतरी म्हणतंच, "पुण्याचा हाय, वाकडीच चालवणार." ड्रायव्हरचं तोंड अजून दिसलेलं नसतं. हा पूर्वग्रह: माणूस कळायच्या आधीच त्याच्याबद्दल ठरवून टाकलेलं मत. आता तेवढ्यावरून त्याला साइडच द्यायची नाही असं केलं, की तो झाला भेदभाव. पहिला डोक्यात असतो, दुसरा हातून घडतो. (पुण्यात एमएच ०९ बघून काय म्हणत असतील, ते आपण त्यांच्यावर सोडू.)

हा फरक लक्षात ठेवायचं कारण व्यवहारी आहे. डोक्यातलं मत बाहेरून दिसत नाही आणि सहजी बदलतही नाही. हातून घडतं ते मात्र मोजता येतं आणि अडवताही येतं.

तिसरा एक प्रकार आहे, अप्रत्यक्ष भेदभाव. नियम सगळ्यांना सारखा, पण त्याचा मार ठरावीक लोकांनाच बसतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लेफ्टनंट कर्नल नितिशा खटल्यात तो नीट उलगडून दाखवला. लष्करात कायम नेमणुकीसाठी तब्येतीचा निकष स्त्री-पुरुषांना एकच होता. पण पुरुष अधिकारी त्यातून तरुणपणीच, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पार झालेले. स्त्रियांना आधी ती संधीच नव्हती, त्यामुळं त्यांना तोच निकष चाळिशी-पन्नाशीत लावला गेला. कागदावर समान, परिणामात असमान.

आपल्याकडचं उदाहरण याहून साधं आहे. "आम्ही बायकांना नाही म्हणत नाही, पण शॉपमध्ये लेडीज टॉयलेटच नाही." झाला की नियम!

"आमच्यात असलं काही नाही"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं आहे, आणि म्हणणारा बहुतेक वेळा मनापासूनच म्हणत असतो. हे मालकही शाहू जयंतीला दरवर्षी वर्गणी देतात.

फौंड्रीत काम केलेल्याला ब्लो होल माहीत असतो. कास्टिंग बाहेरून चकाचक असतं, आत हवेचा पोकळ फुगा अडकलेला असतो. मशीनवर लावून कट मारल्याशिवाय तो दिसत नाही. भेदभावाचंही तसंच आहे. एकेक निवड सुटी बघितली तर प्रत्येकीला काहीतरी पटण्यासारखं कारण असतं: याचं बोलणं बरं वाटलं, तिची शिफ्टची अडचण, तो जरा गप्प होता. दोनशे निवडी एकाखाली एक लिहिल्या की पोकळी दिसायला लागते.

असा कट मारून बघणारा प्रयोग भारतात झालेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटेवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. तुलनेच्या अर्जांत शिक्षण, अनुभव सारखाच. फरक फक्त नावात: काही नावं उघड सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष आले. सवर्ण नावाच्या मानानं दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्जातली माणसं अस्तित्वातच नव्हती, त्यामुळं 'स्वभाव पटला नाही' म्हणायलाही जागा नव्हती.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर मीही लबाडीच केली असं होईल. २००९ मध्ये दिल्ली परिसरातल्या अशाच एका प्रयोगाचे निकाल आले. तिथं सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत आढळला. मी याचा अर्थ असा लावतो: जिथं काम येतं की नाही हे कागदावरूनच बरंचसं कळतं, तिथं आडनावाला वाव कमी. जिथं 'बोलणं कसं आहे', 'घरचं वळण कसं आहे' यावर निवड व्हायची, तिथं अंदाजाला मोकळं रान मिळतं.

सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतल्या कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांशी बोलून केलेला एक अभ्यास आहे. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असंच सगळ्यांचं म्हणणं. आणि मुलाखतीत घरची पार्श्वभूमी विचारणं हेही त्यांना तितकंच गरजेचं वाटत होतं. वडील काय करतात, भावंडं काय करतात. आपल्याकडं तोच प्रश्न दोन शब्दांत उरकतो: "गाव कुठलं?"

मग एक चांगलं ट्रेनिंग ठेवू की

ठेवा. हॉल, पीपीटी, दुपारचं जेवण. मीही अशी सेशन घेतली आहेत आणि फी घेतली आहे. पण अलेक्झांड्रा कालेव, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी अमेरिकेतल्या ७०८ खाजगी आस्थापनांची तीस वर्षांची, १९७१ ते २००२ पर्यंतची आकडेवारी तपासली. कुठल्या उपायानं वरच्या पदांवर स्त्रिया आणि कृष्णवर्णीय खरोखर वाढले, एवढंच त्यांनी बघितलं. पूर्वग्रह घालवायची ट्रेनिंगं जवळजवळ निरुपयोगी ठरली. सगळ्यात जास्त फरक पडला तो कुणावर तरी जबाबदारी टाकल्यानं. उद्दिष्ट ठरलेलं, ते बघणारा माणूस नेमलेला आणि त्याला वेळोवेळी विचारणारं कुणीतरी.

फौंड्रीवाल्यांना यात नवल वाटायला नको. रिजेक्शन वाढलं तर आपण मोल्डिंगच्या पोरांना गोळा करून 'चांगलं कास्टिंग काढा' असं प्रवचन देत नाही. वाळूचा ओलावा तपासतो, टेंपरेचर बघतो, रोजच्या रोज रजिस्टरला नोंद घालतो. माणसांच्या बाबतीतच आपल्याला प्रवचन पुरेल असं का वाटतं, कुणास ठाऊक.

हे आपल्याकडं १९०२ सालीच झालं होतं

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा संस्थानच्या कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ ला, महाराज इंग्लंडात असताना, तो प्रसिद्ध हुकूम निघाला: यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. हे कोल्हापुरात पोराटोरांना माहीत आहे. त्याच हुकमातलं पुढचं कलम फारसं कुणी सांगत नाही: हुकूम निघाल्यानंतर ज्या नेमणुका होतील त्यांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला सादर करायचा.

मला तो तक्ता निम्म्या जागांइतकाच मोठा वाटतो. महाराजांनी अधिकाऱ्यांना मन मोठं करा म्हणून सांगितलं नाही. कुणाची मनं बदलली, कुणाची नाही, त्याची वाट बघितली नाही. आकडा दिला आणि तीन महिन्यांनी कागद मागितला. १९१२ पर्यंत जागा ७१ च्या ९५ झाल्या होत्या आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ होते. अमेरिकेतल्या आकडेवारीतून जे शंभर वर्षांनी निघालं, ते करवीरच्या गॅझेटात आधीच छापून आलं होतं.

तरी नुसत्या कागदानं भागतं असंही नाही. गंगाराम कांबळे महाराजांच्याच चाकरीत होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना तिथल्याच चाकरांनी मारलं. म्हणजे सहकाऱ्यांनी, कामाच्या जागी. पुढं महाराजांच्या मदतीनं गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलपुढं थांबवून चहा मागवायला लागले. बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांच्या हातातही कप यायचा, आणि महाराज पितायत म्हटल्यावर नको कोण म्हणणार?

एकत्र चहा प्यायला की मनं जुळतात का?

नुसत्या शेजारानं जुळत नाहीत. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या. दोन्हीकडच्या माणसांचा दर्जा सारखा हवा, काम एकाच हेतूचं हवं, ते मिळून करायचं हवं, आणि वरच्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा.

यातली 'मिळून' ही अट किती खरी आहे, ते मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशात क्रिकेटवर तपासलं. वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांतल्या काहींना संघांत वाटून महिनाभराच्या स्पर्धा खेळवल्या, बाकीच्यांना तुलनेसाठी बाहेर ठेवलं. एकाच संघात असलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. समोरच्या संघात मात्र दुसऱ्या जातीचे जितके जास्त, तितकी ती उलट कमी झाली. शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. बॉल एकच, मैदान एकच, तरी समोरचा तो समोरचाच.

शॉपफ्लोअरवर याचा अर्थ सरळ आहे. ओडिशा-बिहारची पोरं एका शिफ्टला, गावची दुसऱ्या शिफ्टला, आणि बोर्डावर दोन्ही शिफ्टच्या प्रॉडक्शनची चढाओढ. अशानं तुम्ही रोज आठ तास वैरच शिकवत असता. मिश्र गॅंग करा आणि इन्सेंटिव्ह गॅंगला द्या.

गेज म्हणजे नेमकं काय करायचं

बोअरचं, म्हणजे कास्टिंगमधल्या भोकाचं, माप बरोबर आहे का हे आपण डोळ्यांनी ठरवत नाही. गो-नोगो गेज घालतो. गोची बाजू गेली पाहिजे, नोगोची जाता कामा नये. भोक पाव्हण्याच्या कास्टिंगचं आहे का, हे गेज विचारत नाही.

मुलाखतीचं गेज म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि प्रत्येक उत्तराचे मार्क तिथल्या तिथं लिहायचे, एकमेकांशी बोलायच्या आधी. याला रचनाबद्ध मुलाखत म्हणतात. गप्पांच्या मुलाखतीपेक्षा तिच्यावरून पुढच्या कामाचा अंदाज जास्त बरोबर येतो, हे निवडीवरच्या संशोधनात पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. आणि सगळ्यात आधी काम: तिघांना तीच कास्टिंग, तेच ड्रॉइंग, तेच व्हर्नियर, पंधरा मिनिटं. रीडिंगचा कागद आधी तपासायचा, नाव नंतर बघायचं. गप्पा मारायच्याच असतील तर चहा शेवटी.

'गुणवत्तेचं काय?' असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की आमच्या त्या खोलीत गुणवत्ता एकाचीच मोजली गेली, आणि नोकरी त्याला लागली नाही.

"माझी कंपनी, माझा पैसा, मी कुणालाबी घीन"

पूर्ण खरं नाही, पूर्ण खोटंही नाही. सरकारी नोकरीत समान संधी देणारं संविधानाचं कलम १६ आहे. खाजगी नोकरीत जात, धर्म, भाषा या सगळ्यांना एकत्र कवेत घेणारा एकच असा भेदभावविरोधी कायदा भारतात नाही. तुकडे आहेत.

त्या चार संहितांपैकी वेतन संहितेनुसार एकाच किंवा सारख्याच स्वरूपाच्या कामासाठी भरतीत आणि पगारात स्त्री-पुरुष असा फरक करता येत नाही. हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातही होतं, म्हणजे ग्रुपवर जे 'नवीन' म्हणून फिरतंय ते माझ्या नोकरीच्या आधीपासूनचं आहे. रात्रपाळीचं म्हणाल तर बाईची संमती आणि सुरक्षेची सोय या अटींवर परवानगी आहे. सक्ती तिच्यावरही नाही. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार खाजगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०१९ चा आहे. आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक, २०१३ पासून. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. ही मुदत बऱ्याच जणींना उशिरा कळते, म्हणून मुद्दाम लिहिली.

दलित-आदिवासींचा जातीवरून अपमान, छळ झाला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. पण "बरं, कळवतो" म्हणून कधीच न कळवणं? ते कुठल्याच कलमात नीट सापडत नाही. म्हणून तर तक्ता लागतो.

"बाई घेतली की सहा महिने पगारी रजा"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे झाली. पंधरा माणसांच्या वर्कशॉपला सहा महिन्यांचा पगार जड जातो. कायदा करताना हा बोजा मालकावर टाकला, आणि मालकानं बाईला घ्यायचंच टाळलं. हेतू चांगला, परिणाम उलटा.

पण किती मालकांना हे माहीत आहे? बाई ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असेल, म्हणजे महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि ठरल्याइतक्या दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर त्या रजेचे पैसे ईएसआय महामंडळ देतं. मालकाच्या खिशातून जात नाहीत. ती वर्गणी तुम्ही दर महिन्याला भरतच असता. इन्स्पेक्टरच्या त्या जागेचा पगार १८ हजार होता. म्हणजे त्या पोरीला मी जो प्रश्न विचारला, त्यामागची भीतीसुद्धा चुकीच्या हिशेबावर उभी होती.

"ओळखीचा माणूस टिकतो"

टिकतो, हे मी नाकारत नाही. पळून गेला तर चुलत्याला फोन करता येतो. पण ओळखीतून येणारा माणूस आपल्या ओळखीच्याच जातीचा, भावकीचा, पट्ट्यातला असतो. त्यात कुणी कुणाला मुद्दाम वगळलेलंही नसतं. ओळखीचे येऊ द्या, पण जाहिरातीतून आलेल्यांच्या रांगेतच, त्याच गेजखालून. आणि कोण कुठून आला हे लिहून ठेवा.

दिवाळीनंतर मी त्या मालकांना एक वही करायला लावली. वर्षभरात लागलेली माणसं, कॉलम चारच: नाव, गाव, कसा आला, चाचणीचे मार्क. मार्कांचा कॉलम रिकामा होता. 'कसा आला' याखाली 'ओळखीतून', 'ओळखीतून', 'ओळखीतून' असं लिहिता लिहिता क्लार्कनं शेवटी नुसती टिंबं काढली होती. मालकांनी चष्मा लावून गावांचा कॉलम वरून खाली बोट फिरवत वाचला, परत वर गेले, परत वाचला.

"आयला," ते म्हणाले, "ही तर आमच्या आत्याच्या गावची ग्रामपंचायतच झाली की!"